फोंड्यातल्या वाचनालयाचा सर्व्हर स्क्रिप्ट का चालवत नव्हता

फोंडा तालुक्यातलं हे वाचनालय लहान आहे. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयासारखी १८३२ पासूनची परंपरा त्याच्यामागे नाही. त्याच्याकडे आहेत जुनी मराठी पुस्तकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि शिरोडा, बोरी, प्रियोळ, म्हार्दोळ इथून येणारे वाचक. हे वाचक, विशेषतः निवृत्त शिक्षक, पावसाळ्यात कदंबच्या बसमध्ये चढण्याआधी हवं ते पुस्तक कपाटात आहे की बाहेर गेलंय हे वाचनालयाच्या साइटवर बघून घेतात. साइट बंद पडली की कुणाचा तरी भर पावसात हेलपाटा होतो. म्हणून साइट दुरुस्त करायचं हे काम मी मनापासून घेतलं.

आधी रचना सांगतो. भाड्याचा एक छोटा व्हर्च्युअल सर्व्हर, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), अपाची (पानं पाठवणारा वेब सर्व्हर) आणि मारियाडीबी (डेटाबेस). साइटचे तीन भाग. मुखपृष्ठ, इतिहास, वेळापत्रक ही साधी एचटीएमएल पानं. ‘नवी पुस्तकं’ आणि सभासदांचं लॉगिन पीएचपी या भाषेत, म्हणजे पान आधी सर्व्हरवर चालतं आणि मग वाचकाकडे जातं. आणि पुस्तकाचा शोध पर्ल भाषेतल्या एका जुन्या सीजीआय स्क्रिप्टवर, म्हणजे सर्व्हर प्रोग्रामसारखी थेट चालवतो अशा फाइलवर. ही स्क्रिप्ट एका मजकूर-फाइलमधून ओळी वाचते; प्रत्येक ओळीत पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट क्रमांक आणि शेवटी ‘आहे’ किंवा ‘बाहेर’. ही फाइल ग्रंथपाल बाई वाचनालयातल्या विंडोजच्या संगणकावर तयार करतात आणि सर्व्हरवर चढवतात.

सोमवारी सकाळी कार्यवाहांचा फोन आला. ते निवृत्त मुख्याध्यापक, मी त्यांना सर म्हणतो. “अरे, पहिलं पान उघडतं, पण नवी पुस्तकं दाबलं की पडद्यावर नुसतं इंग्रजी येतं, डॉलरच्या खुणा आणि काय काय. आणि शोध लावला की पाचशे नंबरची एरर. काल मेरेन चलतालें मरे!” म्हणजे कालपर्यंत चालत होतं. ‘काल मेरेन’ म्हणजे नेमकं कधीपर्यंत, हे मी त्यांना पुन्हा विचारलं. उत्तर असं निघालं की शनिवारी दुपारपर्यंत सगळं चालत होतं. शनिवारी रात्री सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने डेबियन ११ वरून १२ वर नेलं. रविवारी सकाळी ‘नवी पुस्तकं’ बिघडलेली दिसली, म्हणून समितीतल्या एका तरुण सभासदाने विंडोजच्या संगणकावरची साइटची प्रत पुन्हा चढवली, सगळ्या फाइलींना ७७७ परवानगी (कुणीही वाचावं, लिहावं, चालवावं) दिली आणि अपाची रीस्टार्ट केला. तरी फरक पडला नाही.

सरांनी एकाच वाक्यात दोन वेगळे बिघाड सांगितले होते, आणि ते वेगळे आहेत हे ओळखण्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. पडद्यावर कोड दिसतो तेव्हा सर्व्हरने स्क्रिप्ट चालवायचा प्रयत्नच केलेला नसतो. त्याच्या लेखी ती साधी फाइल असते आणि तो ती वाचकाच्या हाती देऊन मोकळा होतो. काही ब्राउझर तोच मजकूर दाखवण्याऐवजी डाउनलोड करून ठेवतात, रोग तोच. पाचशेची एरर येते तेव्हा सर्व्हरने स्क्रिप्ट हातात घेतलेली असते, पण ती सुरू होताना किंवा चालताना पडते. ४०३ आली तर परवानगी किंवा त्या फोल्डरमध्ये सीजीआय चालवायची मुभा बघायची, ४०४ आली तर मार्ग. ५०३ आली तर अपाचीच्या मागे बसलेली पीएचपीची प्रक्रिया भेटत नाही. ‘स्क्रिप्ट चालत नाहीत’ या एका तक्रारीखाली हे सगळे जण येतात, आणि प्रत्येकाचं औषध निराळं आहे.

आधी दार लावलं

कोड दिसणं हा बिघाडापेक्षा मोठा धोका आहे. ‘नवी पुस्तकं’ या पानाच्या कोडमध्ये वरच्याच ओळीत डेटाबेसच्या सेटिंग फाइलचा मार्ग लिहिलेला होता. ती फाइल साइटच्याच फोल्डरमध्ये होती. तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की मारियाडीबीचा पासवर्ड, आणि मुदत संपल्याच्या ईमेल पाठवणाऱ्या खात्याचा पासवर्ड, दोन्ही समोर. त्या डेटाबेसमध्ये सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर आहेत. लोकांनी विश्वासाने दिलेली ही माहिती आहे.

म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी अपाचीच्या सेटिंगमध्ये पीएचपीच्या सगळ्या फाइलींना मज्जाव करणारी ओळ घातली आणि ‘सेवा तात्पुरती बंद आहे, पुस्तकासाठी फोन करा’ असं साधं पान लावलं. मग लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या, फाइली बाजूला काढून ठेवल्या. मग दोन्ही पासवर्ड बदलले. हा क्रम मी कधीच सोडत नाही, कारण दुरुस्तीला किती वेळ लागेल ते आधी कुणालाच माहीत नसतं आणि तेवढा वेळ दार उघडं राहतं.

पासवर्ड खरंच बाहेर गेला का, याचं उत्तर अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय मागितलं त्याच्या नोंदीत, मिळतं. सेटिंगची फाइल व्यवस्थित चालते तेव्हा ती पडद्यावर काहीच छापत नाही. त्यामुळे कुणी तिचा पत्ता मागितला तरी लॉगमध्ये पाठवलेल्या बाइट्सचा आकडा अगदी लहान दिसतो, फक्त हेडरपुरता (उत्तराच्या आधी जाणाऱ्या तांत्रिक ओळींपुरता). रविवारी दुपारी एका अनोळखी पत्त्यावरून ती फाइल मागितली गेली होती आणि आकडा फाइलच्या लांबीइतका फुगलेला होता. म्हणजे मजकूर गेला. डेबियनवर मारियाडीबी मुळात त्याच मशीनवरून आलेली जोडणी स्वीकारते, त्यामुळे नुसत्या पासवर्डावर बाहेरून डेटाबेस उघडता आला नसता. पण ईमेलच्या खात्याला असलं कुंपण नव्हतं. त्या खात्यात जाऊन अलीकडच्या जोडण्या तपासल्या; कुणी शिरलेलं नव्हतं.

एरर लॉग गप्प होता

आता पहिला बिघाड. अपाचीच्या एरर लॉगमध्ये ‘नवी पुस्तकं’ या पानाबद्दल अक्षरही नव्हतं, आणि अ‍ॅक्सेस लॉगमध्ये त्या पानापुढे २०० लिहिलेलं, म्हणजे यशस्वी. सर्व्हर जिवंत आहे का बघणारी जी सेवा लावलेली होती तीही ‘सर्व ठीक’ दाखवत होती. अपाचीच्या दृष्टीने खरंच सगळं ठीक होतं. फाइल मागितली, फाइल दिली. इथे लॉग वाचून काही सापडत नाही. सेटिंग बघावं लागतं.

तंत्रज्ञाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “पीएचपी आहे की, मी व्हर्जन विचारून बघितलं, ८.२ दाखवतो.” त्याचं म्हणणं खरं होतं. पण टर्मिनलवर चालणारा पीएचपी आणि अपाचीला जोडलेला पीएचपी ही दोन वेगळी पॅकेजेस (स्वतंत्रपणे बसवायचे सॉफ्टवेअरचे भाग) आहेत. पहिलं असलं म्हणून दुसरं असतंच असं नाही. अपाचीने उचललेल्या मॉड्यूलांची (त्याला जोडलेल्या भागांची) यादी काढली, त्यात पीएचपीचं नाव नव्हतं. डेबियनवर पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या एपीटीची हिस्टरी-लॉग उघडली आणि शनिवारी रात्रीची नोंद सापडली: अपग्रेडनंतर चालवलेल्या ऑटोरिमूव्हने (बिनगरजेची पॅकेजेस काढणाऱ्या आज्ञेने) ७.४ चं अपाची-मॉड्यूल काढून टाकलेलं. ते कधीकाळी दुसऱ्या पॅकेजच्या ओघात आलेलं, म्हणून ते पॅकेज गेल्यावर एपीटीने त्याला बिनगरजेचं ठरवलं. आणि डेबियन १२ मध्ये ७.४ नाहीच, ८.२ आहे. नवीन मॉड्यूल कुणी बसवलं नव्हतं. अशा ठिकाणी अपाची कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी तो तेच सेटिंग पुन्हा वाचतो आणि तेच करतो.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साइटच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (फोल्डरपुरती अपाचीची सेटिंग्ज ठेवणारी फाइल) अपलोडची मर्यादा वाढवणारी पीएचपीची एक ओळ होती. ती ओळ उघडी असती तर मॉड्यूल गेल्याबरोबर अपाचीला ती कळली नसती आणि त्याने त्या फोल्डरमधल्या प्रत्येक पानाला ५०० दिली असती. वाचक वैतागले असते, पण कोड बाहेर गेला नसता. पण ती ‘पीएचपी ७ चं मॉड्यूल असेल तरच’ अशा अटीत गुंडाळलेली होती, त्यामुळे अपाचीने ती मुकाट्याने ओलांडली. एरर येऊ नये म्हणून घातलेल्या अटीनेच एरर लपवली. अशा अटी मी आता सगळ्या साइटींवरून काढतोय.

पुन्हा अपाचीच्या पोटात पीएचपी बसवण्यापेक्षा पीएचपी-एफपीएम घेतलं. त्यात पीएचपी वेगळी प्रक्रिया म्हणून, हवं तर वेगळ्या वापरकर्त्याच्या नावानेही, चालतो आणि अपाची त्याच्याशी सॉकेटमधून (आतल्या जोडणीतून) बोलतो. एफपीएमचं पॅकेज बसवलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. डेबियन बसवताना स्वतःच सूचना छापतो की हे आपोआप सुरू केलेलं नाही, प्रॉक्सी-एफसीजीआय आणि सेटएनव्हीइफ ही मॉड्यूलं चालू करा आणि एफपीएमचं कॉन्फिगरेशन जोडा. भराभर सरकणाऱ्या ओळींमध्ये ही सूचना निसटते. जुन्या मॉड्यूलसाठी लागणारा प्रीफोर्कही (विनंत्या हाताळायची अपाचीची जुनी पद्धत) काढून त्याच्या जागी इव्हेंट लावला, आणि त्याला साजेसं म्हणून सीजीआयऐवजी सीजीआयडी. तो अपलोड-मर्यादेचा आकडा यूझर-आयएनआय या पीएचपीच्या फोल्डरपुरत्या सेटिंग फाइलमध्ये हलवला. ही फाइल बदलल्यावर परिणाम दिसायला पाच मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, कारण पीएचपी ती ३०० सेकंद लक्षात ठेवतो. हे माहीत नसलं की माणूस बरोबर केलेलं सेटिंग पुन्हा मोडून बसतो.

मज्जावाची ओळ काढण्याआधी फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडेल अशी एक ओळीची चाचणी-फाइल ठेवून बघितली. चालली. मगच साइटच्या पानांकडे वळलो.

चालू झाल्यावर पांढरं पान

‘नवी पुस्तकं’ आता कोड दाखवत नव्हतं, पूर्ण पांढरं येत होतं. ही प्रगती आहे हे सरांना समजावून सांगावं लागलं. पीएचपी आता पान चालवत होता आणि मध्येच पडत होता. एरर वाचकाला दाखवायची नाही, लॉगमध्ये लिहायची, हे सेटिंग योग्यच आहे. आता लॉग बोलायला लागला.

पहिली ओळ: एमबी-सबस्टर हे फंक्शन सापडत नाही. पुस्तकाचं लांबलचक नाव यादीत आखूड करून दाखवायला ते वापरलेलं होतं. ते ज्यात असतं ते एमबीस्ट्रिंग हे वेगळं पॅकेज, तेही जुन्या व्हर्जनबरोबर गेलेलं. तो तरुण सभासद माझ्या शेजारी बसून बघत होता. त्याने विचारलं, “एमबी काढून नुसतं सबस्टर लिहिलं तर?” प्रश्न चांगला होता, म्हणून आम्ही बाजूला करून बघितलं. साधं सबस्टर बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. तीसवर तोडलं तर नीट दहा चिन्हं, पण एकतीसवर तोडलं की शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह. इंग्रजी नावांवर हा दोष कधीच दिसला नसता. पॅकेज बसवलं.

पुढची ओळ: क्रिएट-फंक्शन नाही. ते पीएचपी ७.२ मध्ये नापसंत ठरवलं गेलं आणि ८.० मध्ये काढलंच. पुस्तकं अकारविल्हे लावायला वापरलेलं होतं; तिथे निनावी फंक्शन लिहिलं. यादीतली एकेक नोंद काढणारं ईच हेही ८.० मध्येच गेलं, त्याच्या जागी फोरईच. पीएचपीची वाक्यरचना-तपासणी अशा गोष्टी पकडत नाही, कारण नसलेलं फंक्शन बोलावणं ही वाक्यरचनेची चूक नव्हे. ती पानं प्रत्यक्ष चालवूनच सापडतात.

शेवटची अडचण सगळ्यात शिकवणारी. पान आता डेटाबेसच्या एका प्रश्नावर थांबत होतं. तो प्रश्न भेट देणाऱ्यांची संख्या मोजणाऱ्या टेबलला होता, आणि ते टेबल डेटाबेसमध्ये नव्हतंच. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) अशा वेळी एक्सेप्शन, म्हणजे पान थांबवणारी एरर, फेकतं. त्याआधी ते नुसतं ‘खोटं’ परत करून पुढे जायचं. म्हणजे हा मोडका भाग जुन्या सर्व्हरवरही मोडकाच होता, पण शांतपणे. मी एररची नवीन पद्धत बंद केली नाही, तो मोजणीचा भाग काढला.

शोधाची स्क्रिप्ट

दुसऱ्या बिघाडाचा पीएचपीशी संबंध नव्हता. अ‍ॅक्सेस लॉगमधली वेळ बघितली तर शनिवारी रात्री अपग्रेड झाल्यावरही आणि रविवारी सकाळीही शोध चालत होता. ५०० सुरू झाल्या त्या फाइली पुन्हा चढवल्यानंतर.

एरर लॉगमध्ये लिहिलं होतं: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, आणि त्याखाली हेडर येण्याआधीच स्क्रिप्ट संपल्याची तक्रार. फाइल तर जागेवर होती. तरुण सभासदाने रविवारीच ती टर्मिनलवर चालवून बघितली होती आणि ती नीट उत्तर देत होती. तो गोंधळला यात त्याचा काही दोष नाही. त्याने ‘पर्ल’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं होतं. तसं केलं की फाइलची पहिली ओळ, जिच्यात कुठला प्रोग्राम वापरायचा ते लिहिलेलं असतं, ती शोधण्याचं काम लिनक्सला करावं लागत नाही. अपाची मात्र फाइल थेट चालवतो. म्हणून तपासताना अपाचीच्याच वापरकर्त्याच्या नावाने, पुढे ‘पर्ल’ न लिहिता, फाइलचा पूर्ण मार्ग देऊन चालवायची. तसं केल्याबरोबर तीच एरर टर्मिनलवर आली.

‘फाइल’ नावाची आज्ञा दिली आणि कारण दिसलं: ओळी सीआरएलएफने संपतात. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतो, लिनक्स एक. त्यामुळे पहिल्या ओळीतल्या मार्गाच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटलं होतं, आणि लिनक्स ‘पर्ल’ऐवजी ‘पर्ल अधिक ते चिन्ह’ अशा नावाचा प्रोग्राम शोधत होता. लॉगमधलं ‘फाइल नाही’ हे स्क्रिप्टबद्दल नव्हतंच, प्रोग्रामबद्दल होतं. पीएचपीला असल्या ओळींचं काही वाटत नाही, म्हणून ती पानं या कारणाने बिघडली नाहीत.

पण इतकी वर्षं त्याच संगणकावरून फाइली चढत होत्या, तेव्हा का नाही झालं? कारण तेव्हा फाइली चढवायला एफटीपी होतं, मजकूर-पद्धतीत. त्या पद्धतीत एफटीपी जाता-येता ओळींचे शेवट आपोआप बदलतं. अपग्रेडच्या वेळी तंत्रज्ञाने एफटीपी बंद करून एसएफटीपी हा सुरक्षित पर्याय ठेवला. निर्णय अगदी बरोबर, एफटीपीमध्ये पासवर्ड उघडा जातो. पण एसएफटीपीने सभासदाच्या फाइली बाइट-न्-बाइट जशाच्या तशा नेल्या. कुणालाच ठाऊक नसलेलं एक काम जुना रस्ता गुपचूप करत होता.

ओळींचे शेवट बदलले आणि शोध चालू झाला. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने सगळं हिरवं. मी ग्रंथपाल बाईंना म्हटलं, “बाई, जरा बघा.” त्यांनी सवयीने एका जुन्या नाट्यसंग्रहाचं नाव टाकलं आणि म्हणाल्या, “हे बाहेर दाखवतंय. पण ते आत्ता माझ्या मागच्या कपाटात आहे.” दुसरं टाकलं, तेही बाहेर. सगळीच पुस्तकं बाहेर.

कारण तेच. पुस्तकांची यादी पण रविवारी एसएफटीपीने चढली होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘आहे’ आणि त्याला चिकटलेलं ते अदृश्य चिन्ह. पर्लचं चॉम्प हे ओळीचा शेवट छाटणारं फंक्शन फक्त लिनक्सचं चिन्ह छाटतं, दुसरं राहतं, आणि ‘आहे’ची तुलना जुळत नाही. स्क्रिप्टला वाटतं, ‘आहे’ नाही म्हणजे ‘बाहेर’. नुसती यादी दुरुस्त करून भागलं नसतं, पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा तीच चढवणार. म्हणून स्क्रिप्टमध्येच दोन्ही प्रकारचे शेवट छाटणारी ओळ लिहिली. बाईंनी ओळखलं नसतं तर वाचकांना ‘पुस्तक नाही’ असं खोटंच सांगत राहणारी साइट आम्ही दुरुस्त म्हणून सोडली असती.

नंतर काय बदललं

७७७ परवानग्या काढल्या. फोल्डर ७५५, फाइली ६४४, शोधाची स्क्रिप्ट ७५५ (म्हणजे लिहायची मुभा फक्त मालकाला), आणि मुखपृष्ठांची चित्रं साठवण्याच्या एकाच फोल्डरमध्ये पीएचपीला लिहायची मुभा. ७७७ ने या दोनपैकी एकही बिघाड सुटण्यासारखा नव्हता. उलट एखाद्या पानातून कुणी शिरला असता तर त्याला सगळी साइट बदलता आली असती.

पासवर्डांची फाइल साइटच्या फोल्डरबाहेर नेली. आता पीएचपी पुन्हा कधी निघून गेला तरी कोड दिसेल, पासवर्ड दिसणार नाहीत. साइटमध्ये नावाच्या शेवटी ‘बॅक’ किंवा ‘ओल्ड’ लावलेल्या काही जुन्या पीएचपी प्रती सापडल्या. त्या पीएचपी ठणठणीत असतानाही मजकूर म्हणूनच दिसतात, कारण त्यांच्या नावाचा शेवट पीएचपीचा नसतो. त्या पुसल्या.

सर्व्हरवर नजर ठेवणारी सेवा आता २०० वर समाधान मानत नाही. ती ‘नवी पुस्तकं’ उघडून त्यात पीएचपीची सुरुवातीची खूण तर दिसत नाही ना ते बघते, आणि शोधात एक ठरावीक नाव टाकून ‘आहे’ असं उत्तर येतं का ते तपासते. ते नाव संदर्भ विभागातल्या शब्दकोशाचं आहे, जो कधीच बाहेर दिला जात नाही. हे बाईंनीच सुचवलं. तंत्रज्ञाने पुढचं अपग्रेड आधी सर्व्हरच्या नकलेवर करून बघायचं कबूल केलंय, आणि ऑटोरिमूव्ह चालवण्याआधी ती यादी मला किंवा त्या तरुण सभासदाला पाठवायची.

पर्लची स्क्रिप्ट मोडीत काढून शोध पीएचपीत, थेट डेटाबेसमधून करायचं काम राहिलंय. ते चतुर्थीनंतर घेऊ. तोवर बाईंची यादी दर शनिवारी चढते आणि स्क्रिप्ट ती वाचते.